मोहालीची आग आणि तळेगावचा तंटा

१५ ऑगस्ट २०२५ रोजी लाल किल्ल्यावरून बोलताना पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी सेमीकंडक्टरचा विषय काढला. पन्नास-साठ वर्षांपूर्वी आपल्या देशात चिपांचे कारखाने काढण्याचा विचार झाला होता, परंतु तो फायलींत अडकला आणि गर्भातच त्याची हत्या झाली, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. लागलीच काँग्रेसचे जयराम रमेश यांचे उत्तर आले. सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स नावाचा सरकारी कारखाना चंदीगडला १९८३ सालीच सुरू झाला होता, असे त्यांनी बजावले.

झाले! दोघांचेही ऐकून सामान्य माणसाने काय समजावे? एक म्हणतो, मूल जन्मलेच नाही. दुसरा जन्माचा दाखला पुढे करतो. त्या मुलाचे पुढे झाले काय, हे मात्र दोघांपैकी एकानेही सांगितले नाही. वस्तुतः ते जन्मले होते, चालूबोलू लागले होते, पाचेक वर्षांचे असताना आगीत होरपळले, आणि त्यानंतर कितीतरी वर्षे त्याच्या उशाशी कोणी बसले नाही. ही हकीगत दोन्ही पक्षांना अडचणीची आहे. म्हणूनच ती सांगण्याजोगी आहे.

आधी चिप म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. मी विज्ञानशाखेचा माणूस नव्हे, पण शाळेत शिकवता शिकवता जे उमगले ते सांगतो. दिवाळीच्या फराळात बटाट्याच्या काचऱ्यांना आपण चिप्स म्हणतो आणि वेफर्सही म्हणतो. गंमत अशी की त्या धंद्यातही नेमकी हीच दोन नावे आहेत. वाळूतून शुद्ध केलेल्या सिलिकॉनचा दांडा तयार करायचा, त्याच्या पातळ गोल चकत्या कापायच्या, त्या चकतीचे नाव वेफर. त्या चकतीवर शेकडो नक्षीदार तुकडे घडवून ते वेगळे केले की प्रत्येक तुकडा म्हणजे एक चिप. नक्षी उमटवायची रीत आपल्या घरातल्या लेकीबाळींना सांगायला नको. अंगणात रांगोळीचा छाप ठेवून वरून रंग सोडतात, तसा येथे छापातून प्रकाश सोडतात. एक थर झाला की दुसरा, दुसऱ्यावर तिसरा. थर एकमेकांवर केसभरही सरकता कामा नये असे म्हणावे, तर केस हे मापच येथे फार जाड पडते. केस साधारण सत्तर मायक्रॉन जाडीचा असतो. मोहालीचा कारखाना सुरू झाला तेव्हा तेथे ५ मायक्रॉनच्या रेघा काढीत, म्हणजे एका केसाच्या रुंदीत चौदा. हवेतला एक कण चकतीवर बसला तरी तेवढा तुकडा फुकट. म्हणून या कारखान्यातली हवा गाळलेली, माणसे नखशिखांत झाकलेली, आणि पाणी इतके निर्मळ की आपल्या पिण्याच्या पाण्यातले क्षारसुद्धा त्यात चालत नाहीत.

ही विद्या आपल्याकडे येण्याची सुरुवात एका पराभवातून झाली. १९६२ च्या चीनच्या युद्धाने आपल्या सैन्याची साधने किती अपुरी आहेत ते उघडे पाडले. दुसऱ्याच वर्षी, १९६३ च्या ऑगस्टमध्ये, डॉ. होमी भाभा यांच्या अध्यक्षतेखाली इलेक्ट्रॉनिक्सविषयी समिती नेमण्यात आली. विक्रम साराभाई, भगवंतम्, ए. एस. राव हे तिचे इतर सभासद. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तोवर टिफ्रॅक हा गणकयंत्राचा अवाढव्य सांगाडा देशी अभियंत्यांनी उभा केलेला होता. त्यात चिपा नव्हत्या, काचेच्या नळ्या होत्या. तरीही परदेशी मालाची वाट न पाहता आपण असले काही करू शकतो, ही हिंमत त्यातून आली होती. २४ जानेवारी १९६६ रोजी भाभांचे विमान आल्प्समध्ये कोसळले. समितीचा अहवाल त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. पुढे १९७० साली इलेक्ट्रॉनिक्स खाते आणि १९७१ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स आयोग स्थापन झाला. आयोगाचे अध्यक्ष एम. जी. के. मेनन हेही टाटा संस्थेचेच संचालक. सांगायचे ते इतकेच की या कथेची मुळे पंजाबात नाहीत. ती कुलाब्याच्या समुद्रकिनाऱ्यावर आहेत.

१९७६ साली, आणीबाणीच्या दिवसांत, केंद्रीय मंत्रिमंडळाने चिपांच्या सरकारी कारखान्याला मंजुरी दिली. कारखान्याला जागा मिळाली मोहालीची, म्हणजे चंदीगडला खेटूनच. तंत्र घेतले अमेरिकेतल्या अमेरिकन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीकडून.

नेमक्या त्याच वर्षी, १९७६ मध्ये, तैवान नावाच्या एका लहानशा बेटाच्या सरकारने अमेरिकेतल्याच आरसीए कंपनीशी असाच करार केला. त्यांनी घेतलेले तंत्र ७ मायक्रॉनचे, म्हणजे आपल्याहून जाडेभरडे. त्यांनी तरुण अभियंत्यांची एक तुकडी शिकायला अमेरिकेत धाडली आणि १९७७ मध्ये प्रायोगिक कारखान्यातून पहिल्या चकत्या काढल्या. आपल्या मोहालीतून उत्पादन निघाले ते १९८४ मध्ये. मंजुरीपासून आठ वर्षे गेली. मधल्या काळात केंद्रात दोनदा सत्तापालट झाला होता. फायलींचा दोष सांगायचाच तर तो येथे सांगता येईल. पण फायल रखडली म्हणून मूल मेले असे मात्र झालेले नाही.

१९८४ हे वर्ष पंजाबात कसे उजाडले आणि कसे मावळले, ते वाचकांना सांगायला हवे असे नाही. जूनमध्ये अमृतसरला सुवर्णमंदिरात फौज शिरली, ऑक्टोबरच्या अखेरीस दिल्लीत इंदिरा गांधींची हत्या झाली. त्याच वर्षी त्याच प्रांतात, धूळ चालत नाही अशा बंद दालनांत, पांढऱ्या झग्यांतली तरुण माणसे चकत्यांवर नक्षी छापू लागली होती. बाहेर रस्त्यावर तपासणीची ठाणी आणि आत सूक्ष्मदर्शकाखालची रेघ! या विरोधाभासावर कोणी कादंबरी का लिहिली नाही याचे मला नवल वाटते. कदाचित पंजाबीत असेलही. घड्याळांत लागणाऱ्या चिपा तेथे निघू लागल्या. ५ मायक्रॉनवरून ३, तीनवरून आणखी बारीक, अशी पावले पडू लागली. जगाच्या पुढे आपण नव्हतो, हे खरे. पण धापा टाकीत का होईना, त्याच वाटेने चाललो होतो आणि पुढच्यांची पाठ दिसत होती.

७ फेब्रुवारी १९८९ रोजी कारखान्याला आग लागली. उत्पादनाची दालने जळाली. चिपांच्या कारखान्यात जळून जाते ते केवळ छप्पर आणि यंत्र नव्हे. महिनोन्महिने जुळवून आणलेली तापमाने, रसायनांची प्रमाणे, हाताला बसलेली सवय, सारे एका रात्रीत नाहीसे होते. आग कशी लागली? घातपाताची कुजबुज तेव्हाही झाली, अजूनही होते. परंतु लोकांपुढे ठेवता येईल असा निकाल कधी लागला नाही, आणि निकाल नसताना कोणावर बोट रोखणे हे इतिहास सांगणाऱ्याचे काम नव्हे. मला विचाराल तर आग कशी लागली यापेक्षा आगीनंतर काय झाले, हाच प्रश्न मोठा आहे. आग कोठेही लागते. शेतकऱ्याची गंजी पेटली तर गाव धावून येते, आणि पुढच्या हंगामाचे बियाणे कोणी ना कोणी देतोच.

मोहालीला बियाणे वेळेवर मिळाले नाही. कारखाना पुन्हा धडपणे उत्पादन काढू लागला तेव्हा नव्वदचे दशक उलटत आले होते. या अवधीत पंतप्रधानपदावर कोण कोण होते ते मोजून पाहा. आग लागली तेव्हा राजीव गांधी. मग विश्वनाथ प्रताप सिंह, चंद्रशेखर, नरसिंह राव, तेरा दिवसांचे वाजपेयी, देवेगौडा, गुजराल. आज एकमेकांकडे बोट दाखवणाऱ्या बहुतेक साऱ्या घराण्यांची त्यात हजेरी लागलेली आहे. १९९१ मध्ये तर परकीय चलनासाठी देशाने सोने गहाण टाकले, तेव्हा मोहालीची आठवण कोणाला येणार, हे म्हणणेही अगदी खोटे नाही. पण चिपांच्या धंद्यात आठ वर्षे म्हणजे एका माणसाचे निम्मे आयुष्य. आपण राखेत उभे होतो त्या काळात तैवान कोठे गेला ते पाहा. आग लागण्याच्या दोनच वर्षे आधी, १९८७ मध्ये, तेथे मॉरिस चँग या अनुभवी माणसाच्या हाती टीएसएमसी ही कंपनी दिली गेली. तिच्यात सुमारे ४८ टक्के पैसा सरकारचा होता. उरलेला फिलिप्सने घातला आणि काही तेथल्या उद्योगपतींच्या सरकारने अक्षरशः गळी उतरवला. एकदा पैसा घातला आणि मोकळे झाले असे त्यांनी केले नाही. प्रयोगशाळा, मग एक कंपनी, मग दुसरी, असे ते घालीतच राहिले. आज जगातल्या सर्वांत बारीक चिपा बहुतांश त्या एका कंपनीतून निघतात.

येथे आमच्या जिल्ह्याचा एक धागा या कथेत येतो. १९९९ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्रात माहिती तंत्रज्ञानाचे स्वतंत्र मंत्रालय निघाले आणि त्याचे मंत्री झाले प्रमोद महाजन. अंबाजोगाईत वाढलेले, तेथेच काही काळ शिक्षकी केलेले. माहिती तंत्रज्ञानाचा कायदा २००० साली त्यांच्याच कारकिर्दीत झाला. मोहालीचा कारखानाही त्याच मंत्रालयाच्या पदराखाली होता. पण तो काळ सॉफ्टवेअरचा होता. सॉफ्टवेअरला भट्टी लागत नाही, आम्ल लागत नाही, निर्मळ पाण्याची टाकी लागत नाही. खोली, वीज आणि हुशार मुले मिळाली की डॉलर येऊ लागतात. जे पीक आपोआप तरारून येते आहे त्यालाच पाणी द्यावे, ही कोणत्याही व्यवहारी माणसाची बुद्धी, आणि महाजन व्यवहारी होते. २००६ साली मोहालीच्या कारखान्याचे रूपांतर प्रयोगशाळेत झाले आणि तो अवकाश विभागाकडे गेला. बाजाराशी त्याचा संबंध जवळजवळ संपला.

त्यानंतरच्या प्रयत्नांची यादी करून वाचकांना शिणवत नाही. हैदराबादला फॅब सिटी निघाली, पण चिपांची भट्टी काही पेटली नाही. २०१४ मध्ये यमुना एक्स्प्रेसवेच्या बाजूला एक आणि गुजरातेत प्रांतिजला एक अशा दोन कारखान्यांना मंजुरी मिळाली, दोन्ही कागदावरच विरले. मग १५ डिसेंबर २०२१ रोजी केंद्राने ७६,००० कोटी रुपयांची योजना जाहीर केली आणि राज्याराज्यांत चढाओढ सुरू झाली.

आता तळेगाव. वेदांत आणि तैवानची फॉक्सकॉन या कंपन्यांनी २०२२ च्या फेब्रुवारीत एकत्र येण्याचे ठरवले. पुण्याजवळच्या तळेगावची जागा त्यांच्या विचारात होती. जूनअखेर महाराष्ट्रातले उद्धव ठाकरे यांचे सरकार पडले, शिंदे-फडणवीसांचे आले. १३ सप्टेंबर २०२२ रोजी कंपनीने करार केला तो गुजरात सरकारशी. आकडा १ लाख ५४ हजार कोटी! मग काय विचारता! जुने मंत्री म्हणाले, आम्ही ताट वाढून ठेवले होते, तुम्ही ते उचलून शेजाऱ्याला दिले. नवे मंत्री म्हणाले, ताट रिकामेच होते. महाराष्ट्राने गुजरातपेक्षा जास्त सवलती देऊ केल्या होत्या, असेही सांगितले गेले. आदित्य ठाकरे यांनी मावळात जनआक्रोश मोर्चा काढला. वेदांतचे अनिल अगरवाल यांनी, आपण तज्ज्ञांच्या पाहणीवरून जागा निवडली, असा खुलासा केला. पुढे २०२३ च्या ऑगस्टमध्ये उद्योगमंत्री उदय सामंत यांनी राज्याबाहेर गेलेल्या प्रकल्पांविषयी श्वेतपत्रिकाही मांडली. आमच्याकडे एस.टी.च्या थांब्यावर, जेथे कापसाच्या भावाखेरीज दुसरा विषय निघत नाही, तेथेही तळेगावावरून माणसे हमरीतुमरीवर आलेली मी पाहिली आहेत. त्यांतल्या एकाचाही मुलगा तळेगावला कामाला लागणार नव्हता, पण राज्याच्या अब्रूचा प्रश्न होता ना!

आणि श्वेतपत्रिका निघण्याच्या आधीच, १० जुलै २०२३ रोजी, फॉक्सकॉनने वेदांतशी असलेली भागीदारी सोडून दिली होती. ज्या कारखान्यासाठी एवढे रान उठले तो ना तळेगावला झाला, ना धोलेऱ्याला. विहीर खणण्याआधीच मोटेच्या पाळीवरून भावाभावांत डोकी फुटावीत, त्यातली गत. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की गुजरातेत पुढे दुसरे कारखाने आले. साणंदला मायक्रॉन आली, आणि धोलेऱ्याला टाटांनी तैवानच्या दुसऱ्या एका कंपनीच्या साह्याने ९१,००० कोटींचा कारखाना उभारण्यास २९ फेब्रुवारी २०२४ रोजी मंजुरी मिळाली. महाराष्ट्र सरकारनेही ५ सप्टेंबर २०२४ रोजी पनवेलजवळच्या तळोज्यात अदानी आणि इस्राएलची टॉवर यांच्या ८३,९४७ कोटींच्या प्रकल्पाला हिरवा कंदील दाखवला. पुढच्याच वर्षी ती बोलणी थांबल्याचे वृत्त आले.

या साऱ्या भांडणात एक वाद मात्र खऱ्या मोलाचा झाला, आणि त्याकडे आपल्या वर्तमानपत्रांचे लक्ष कमी गेले. वाद असा की सरकारने इतका पैसा घालावा का? मायक्रॉनच्या साणंदच्या कारखान्यात निम्मा खर्च केंद्राचा, वीस टक्के गुजरात सरकारचा. कंपनीचे स्वतःचे उरले तीस. २०२४ च्या जूनमध्ये नवे अवजड उद्योगमंत्री कुमारस्वामी यांनी भर सभेत हिशेब मांडला की पाच हजार नोकऱ्यांसाठी एवढे अनुदान, म्हणजे एका नोकरीमागे ३ कोटी २० लाख रुपये पडतात. मग त्यांना लगेच खुलासा करावा लागला. पण त्रैराशिक चुकले होते असे काही कोणी सिद्ध केले नाही. रघुराम राजन यांनी हाच पैसा शिक्षणात घातला तर अधिक फळेल, असा मुद्दा मांडला, आणि सरकारपक्षाकडून त्यांच्यावर टीकेची झोड उठली. मी शिक्षक. माझ्या वर्गातली निम्मी मुले दिवाळी झाली की आईबापांबरोबर उसाच्या फडावर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परत येतात. तेव्हा राजन यांचे म्हणणे मला मनापासून पटावे हे ओघानेच आले. तरीही मोहालीचा इतिहास वाचल्यावर ते मला अर्धे वाटते. तैवानने शाळा की कारखाना असा प्रश्नच घातला नाही. शिकलेल्या पोरांची तुकडी आणि तिला परत आल्यावर हात चालवायला भट्टी, ही दोन्ही त्याने एका वेळी सिद्ध ठेवली. नोकऱ्यांच्या त्रैराशिकात देशाची गरज मावत नाही, हेही तितकेच खरे. २०२१ मध्ये जगभर चिपांचा तुटवडा पडला तेव्हा मोटारींचे कारखाने ओस पडले होते.

त्या २०२१ सालाचीच आणखी एक गोष्ट आमच्या भागाने ध्यानात ठेवावी अशी आहे. तैवानात त्या वर्षी मोठा दुष्काळ पडला. चिपांच्या कारखान्यांना टँकरने पाणी नेण्यात आले, आणि ते पुरावे म्हणून तेथल्या सरकारने हजारो हेक्टर भातशेतीचे पाणी तोडले. शेतकऱ्यांना भरपाई दिली, पण शेते कोरडी राहिली. मराठवाड्यातही असा एखादा कारखाना आणा, अशी मागणी अधूनमधून कानावर येते. ती करणाऱ्यांनी आपल्या परळीकडे पाहावे. २०१५ च्या जुलैत खडका बंधाऱ्यात पाणी उरले नाही म्हणून परळीचे औष्णिक वीज केंद्र बंद ठेवावे लागले होते. कोळसा होता, यंत्रे होती, माणसे होती. चिपांच्या भट्टीला तर विजेच्या केंद्राहूनही लाडाचे पाणी लागते, आणि एक दिवसाचा खंडही तिला सोसत नाही. म्हणजे आमच्याकडे कारखाना येऊच नये असे नव्हे. पण भूमिपूजनाचा नारळ फोडण्याआधी धरणाचा हिशेब मांडायला हवा, आणि तो पाच वर्षांचा मांडून भागणार नाही.

मोहालीचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. प्रयोगशाळा झाल्यावरही ती भट्टी विझली नाही. १८० नॅनोमीटरच्या, म्हणजे एका केसात जवळजवळ चारशे मावतील अशा, रेघा तेथे निघू लागल्या. बाजारातल्या फोनसाठी या फार जाड, पण अग्निबाणाला चालतात, कारण तेथे वेगापेक्षा भरवशाला किंमत. त्रिवेंद्रमच्या विक्रम साराभाई अवकाश केंद्राने आखलेली आणि मोहालीत घडलेली ‘विक्रम’ नावाची चिप २ सप्टेंबर २०२५ रोजी दिल्लीत पंतप्रधानांच्या हाती देण्यात आली. लाल किल्ल्यावरच्या त्या भाषणाला तेव्हा तीन आठवडेही झाले नव्हते. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव यांनी मोहालीच्या नूतनीकरणासाठी ४,५०० कोटी रुपये घालण्याची घोषणा केली आणि ही प्रयोगशाळा खासगी हाती दिली जाणार नाही, असेही सांगितले. अलीकडे तेथे आणखी एक काम चालते. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी स्वतः आखलेल्या चिपा मोहालीत घडवतात आणि ज्याची त्याला परत धाडतात. आपण कागदावर काढलेली नक्षी सिलिकॉनवर उतरलेली ती मुले तळहातावर घेऊन पाहतात, आणि चालते की नाही ते तपासायला बसतात.